उमेदवारी आणि घराचा उंबरठा

इतिहास म्हणजे लढाया, तह आणि सनावळ्या, अशी आपल्या विद्यार्थ्यांची सर्वसाधारण समजूत असते. कोणी सत्ता मिळविली आणि कोणी गमावली, एवढेच परीक्षेत विचारले जाते. परंतु समोर चालून आलेली सत्तेची संधी कोणी विचारपूर्वक नाकारली, हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत क्वचितच येतो. वास्तविक मिळविण्याला जशी कारणे असतात तशीच नाकारण्यालाही असतात, आणि ती तपासून पाहणे हेही इतिहासाच्या अभ्यासकाचे कामच आहे.

सार्वजनिक कार्य करणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात एक पेच केव्हा ना केव्हा उभा राहतो. लोक म्हणतात, 'पुढे या.' घर म्हणते, 'जरा थांबा.' शाळेच्या कमिटीवर निवडून जाणाऱ्या गृहस्थाला हा पेच पडतो, नगरपालिकेला उभे राहणाऱ्याला पडतो, आणि एखाद्या बलाढ्य राष्ट्राच्या अध्यक्षपदासाठी ज्याचे नाव लोकांच्या तोंडी आहे त्यालाही पडतो. पदाची उंची बदलते, पेच तोच राहतो. अमेरिकेचे जनरल कॉलिन पॉवेल यांच्यापुढे १९९५ साली तो अत्यंत तीव्र स्वरूपात उभा राहिला. त्यांनी तो कसा सोडविला, याची हकीकत विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनीही वाचण्यासारखी आहे.

कष्टकरी आईबापांचा मुलगा

कॉलिन पॉवेल यांचा जन्म ५ एप्रिल १९३७ रोजी न्यूयॉर्क शहरातील हार्लेम भागात झाला. त्यांचे आईवडील जमैका बेटावरून पोटापाण्यासाठी अमेरिकेत आलेले. दोघेही न्यूयॉर्कच्या कपड्यांच्या धंद्यात कामाला होते. वडील माल रवाना करणाऱ्या विभागात, तर आई शिवणकामावर. पुढे हे कुटुंब साउथ ब्राँक्स या वस्तीत राहावयास गेले. तेथे नाना देशांतून आलेली गोरगरीब कुटुंबे शेजारी शेजारी नांदत होती.

आपल्या विद्यार्थ्यांना धीर येईल अशी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. पॉवेल हे शाळेत किंवा कॉलेजात हुशार म्हणून गाजलेले विद्यार्थी नव्हते. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात त्या काळी फी नव्हती, म्हणूनच कष्टकऱ्यांच्या या मुलाला उच्च शिक्षण परवडले. १९५८ साली भूगर्भशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले, पण गुण सामान्यच होते. मात्र कॉलेजातील लष्करी शिक्षणाच्या पथकात त्यांचे मन रमले. आपल्याकडील एन.सी.सी.सारखेच ते पथक. आपल्याला काय करावयाचे आहे, हे त्यांना तेथे उमगले. पदवी मिळताच ते सेनेत अधिकारी म्हणून दाखल झाले आणि पुढील ३५ वर्षे त्यांनी सैनिकाचा गणवेश उतरविला नाही. स्वतःला कशाची ओढ आहे हे ज्याला कळले, त्याला अर्धी वाट सापडली. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

लग्न, लढाई आणि पत्रे

१९६१ साली बोस्टन येथे पॉवेल यांची अल्मा जॉन्सन या तरुणीशी ओळख झाली. अल्मा या अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहराच्या. त्यांचे वडील तेथील कृष्णवर्णीय मुलांच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते. घरात शिक्षणाचे वातावरण होते. अल्मा लहान वयातच पदवीधर झाल्या आणि ज्यांना कमी ऐकू येते अशा लोकांसाठी चालणाऱ्या एका संस्थेत काम करू लागल्या. २५ ऑगस्ट १९६२ रोजी दोघांचा विवाह झाला.

लग्नाला चार महिने होतात न होतात तोच, डिसेंबर १९६२ मध्ये पॉवेल यांची रवानगी व्हिएतनामला झाली. अल्मा गरोदर होत्या. त्या माहेरी बर्मिंगहॅमला राहिल्या. मार्च १९६३ मध्ये त्यांना पहिला मुलगा झाला. पण ही आनंदाची बातमी जंगलात तैनात असलेल्या बापाला पत्रातून, तीही बऱ्याच उशिराने समजली. ज्यांच्या घरची कर्ती माणसे जहाजावर किंवा आखाती देशांत नोकरीला आहेत, त्या आपल्या वाचकांना या पत्राची किंमत वेगळी समजावून सांगण्याची जरुरी नाही.

इकडे बर्मिंगहॅममध्येही त्या वर्षी एक प्रकारची लढाईच चालू होती. कृष्णवर्णीयांना समान नागरी हक्क मिळावेत म्हणून निघालेल्या मोर्चांवर पोलिसांनी कुत्री सोडली, पाण्याचे जोरदार फवारे मारले. १५ सप्टेंबर १९६३ रोजी शहरातील एका चर्चमध्ये बाँबस्फोट होऊन चार लहान मुली मृत्युमुखी पडल्या. त्या दिवसांत अल्मा यांचे वडील हातात बंदूक घेऊन आपल्या घरावर पहारा देत असत. नवरा परदेशी रणांगणावर, आणि कडेवर तान्हे मूल घेऊन बायको आपल्याच गावात भयभीत! नोव्हेंबर १९६३ मध्ये पॉवेल मायदेशी परतले. त्याच महिन्याच्या २२ तारखेस राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा गोळ्या घालून खून झाला.

हा तपशील मी मुद्दाम दिला आहे. बत्तीस वर्षांनी सौ. अल्मा पॉवेल यांनी पतीच्या उमेदवारीला विरोध केला, तेव्हा काही लोकांनी त्याला 'बायकांचा भित्रेपणा' म्हटले. ज्यांनी बर्मिंगहॅमचे १९६३ साल पाहिले नाही त्यांनीच असे म्हणावे.

आणखी एक प्रसंग सांगतो. १९६४ साली जॉर्जिया राज्यात पॉवेल एका खाद्यगृहासमोर मोटार उभी करून खाण्याचे मागू लागले. 'तुम्हाला येथे मिळणार नाही, मागच्या खिडकीकडे जा', असे उत्तर मिळाले. व्हिएतनाममध्ये देशासाठी जखमी होऊन आलेल्या अधिकाऱ्याला देशातच पुढल्या दाराने खायला मिळत नव्हते! त्याच वर्षी जुलैमध्ये नागरी हक्कांचा कायदा मंजूर झाला. त्यानंतर पॉवेल पुन्हा त्याच ठिकाणी गेले आणि या वेळी त्यांना निमूटपणे खाद्यपदार्थ देण्यात आला. कायद्याने काय बदलते आणि किती बदलते, याचा धडा त्यांना असा प्रत्यक्ष मिळाला.

पद वाढत गेले

१९६८ साली पॉवेल दुसऱ्यांदा व्हिएतनामला गेले. तेथे त्यांचे हेलिकॉप्टर कोसळले. स्वतः जखमी असताना त्यांनी जळत्या विमानातून सोबत्यांना बाहेर काढले. त्याबद्दल त्यांना शौर्यपदक मिळाले. पुढे एकेक पायरी चढत ते १९८७ साली राष्ट्राध्यक्ष रीगन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले आणि १ ऑक्टोबर १९८९ रोजी तिन्ही दलांच्या संयुक्त सेनाप्रमुखांचे अध्यक्ष झाले. अमेरिकेतील हे सर्वोच्च लष्करी पद. त्यावर बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ. १९९१ सालच्या आखाती युद्धात दूरदर्शनच्या पडद्यावरून त्यांचा चेहरा जगभर पोहोचला.

या सगळ्या बढत्यांचा हिशेब घराच्या खात्यावर कसा मांडला गेला असेल? एक मुलगा, दोन मुली. बापाची बदली झाली की घर उचलायचे, मुलांची शाळा बदलायची, नव्या गावी नवे शेजार जोडायचे. हा सगळा भार प्रामुख्याने आईवर. १९८७ साली, पॉवेल वॉशिंग्टनमध्ये अतिशय जबाबदारीच्या जागेवर असताना, सैन्यातच अधिकारी असलेल्या त्यांच्या मुलाला जर्मनीत जीपचा भयंकर अपघात झाला. कमरेचे हाड मोडले. तो जगेल की नाही, जगला तर चालेल की नाही, अशी अवस्था होती. अनेक शस्त्रक्रिया आणि महिनोन्महिने उपचार झाल्यावर तो उभा राहिला, पण त्याची लष्करी नोकरी संपली. पुढे तो वकिलीचे शिक्षण घेऊन नावारूपास आला, ही गोष्ट वेगळी. सांगावयाचे ते इतकेच, की १९९५ सालापूर्वीच पॉवेल यांच्या कुटुंबाने देशसेवेची किंमत हप्त्याहप्त्याने भरलेली होती.

१९९५ ची लाट

३० सप्टेंबर १९९३ रोजी पॉवेल निवृत्त झाले. सप्टेंबर १९९५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पुस्तकावर सही घेण्यासाठी गावोगावी लोकांच्या रांगा लागल्या. पुढील वर्षी, म्हणजे नोव्हेंबर १९९६ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक व्हावयाची होती. त्या वेळचे अध्यक्ष बिल क्लिंटन पुन्हा उभे राहणार होते. पॉवेल उभे राहिले तर ते क्लिंटन यांना मागे टाकतील, असे जनमत चाचण्या सांगू लागल्या. जो माणूस अद्याप कोणत्याच पक्षाचा सभासद नव्हता, त्याच्या नावाची अशी हवा पसरावी ही मोठी नवलाची गोष्ट होती.

येथे अमेरिकेतील निवडणुकीची रीत थोडक्यात समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे जनता खासदार निवडते आणि बहुमताचा नेता पंतप्रधान होतो. तिकडे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला प्रथम स्वतःच्या पक्षात, एकेका राज्यात जाऊन, पक्षाच्या इतर इच्छुकांशी लढावे लागते. ही फेरी निवडणुकीच्या वर्षाच्या आरंभीच सुरू होते. उन्हाळ्यात पक्षाचे अधिवेशन भरून उमेदवार ठरतो. मग नोव्हेंबरपर्यंत देशभर प्रचार. म्हणजे वर्षभर माणूस घरी नसतोच म्हटले तरी चालेल. शिवाय उमेदवाराची पत्नी आणि मुले यांचेही सारे आयुष्य वर्तमानपत्रांत उलगडले जाते. जिंकल्यास चार वर्षे, कदाचित आठ वर्षे, पहाऱ्यात राहावयाचे. घराचा उंबरठा असा उरतच नाही.

तराजूची दोन पारडी

पॉवेल यांनी या प्रश्नावर अनेक आठवडे विचार केला, मित्रांशी आणि घरच्यांशी बोलणी केली. त्यांच्यासमोरच्या तराजूत काय काय होते ते पाहू.

उभे राहण्याच्या बाजूचे पारडे हलके नव्हते. ज्या देशात एके काळी कृष्णवर्णीय माणसाची बाजारात विक्री होत असे, तेथे कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष होणे म्हणजे इतिहासाचे पानच उलटणे. कोट्यवधी लोकांची आशा त्यांच्या नावाला चिकटली होती. लष्करी अनुभव होता, निष्कलंक नाव होते, दोन्ही पक्षांत चाहते होते. 'तुम्ही नाही तर कोण?' हा सार्वजनिक जीवनातील सर्वांत मोहक प्रश्न. तो त्यांना रोज विचारला जात होता.

दुसऱ्या पारड्यात पहिली गोष्ट म्हणजे जिवाची भीती. सौ. अल्मा यांना वाटे की, कृष्णवर्णीय उमेदवारावर कोणीतरी माथेफिरू गोळी झाडल्याशिवाय राहणार नाही. ही भीती हवेतली नव्हती. लिंकन, गारफील्ड, मॅकिन्ली आणि केनेडी हे चार राष्ट्राध्यक्ष मारेकऱ्यांच्या गोळ्यांनी मेले. मार्टिन ल्यूथर किंग यांचा १९६८ साली खून झाला. १९८१ साली रीगन यांच्यावर गोळी झाडली गेली. आणि ज्या दिवसांत पॉवेल निर्णय घेत होते त्याच दिवसांत, ४ नोव्हेंबर १९९५ रोजी, इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांची त्यांच्याच देशातील एका तरुणाने हत्या केली.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक होती. सौ. अल्मा यांना अनेक वर्षांपासून नैराश्याचा विकार होता आणि त्यावर औषधोपचार चालू होते. ही बाब वर्तमानपत्रांतून चघळली जाऊ लागली. तिसरी गोष्ट राजकारणाची. पॉवेल यांचा कल रिपब्लिकन पक्षाकडे होता, परंतु काही सामाजिक प्रश्नांवर त्यांची मते त्या पक्षातील कडव्या मंडळींना मान्य नव्हती, आणि त्यांनी जाहीरपणे विरोध सुरू केला होता. अर्थात केवळ घरगुती कारणांनीच पारडे झुकले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. लढाईत अडचणी बाहेरच्याही होत्या.

परंतु माझ्या मते सर्वांत वजनदार गोष्ट चौथी होती. ती पॉवेल यांच्या स्वतःच्या मनात होती, आणि ती त्यांनी स्वतःच जगासमोर मांडली.

८ नोव्हेंबर १९९५

त्या दिवशी व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया येथील एका हॉटेलात पत्रकारांची गर्दी झाली होती. पॉवेल आले, सोबत सौ. अल्मा होत्या. पॉवेल यांनी जाहीर केले की, १९९६ साली आपण राष्ट्राध्यक्षपदासाठी किंवा अन्य कोणत्याही निवडणुकीच्या पदासाठी उभे राहणार नाही. उपराष्ट्राध्यक्षपदही नको. त्यांच्या निवेदनाचा सारांश असा होता की, या कामासाठी एक प्रकारची आंतरिक ओढ लागते, मनातून हाक यावी लागते. सैनिक म्हणून ३५ वर्षे ती ओढ मला रोज जाणवत होती. राजकीय जीवनासाठी ती माझ्या ठायी निर्माण व्हावी म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला, पण ती हाक मला अजून ऐकू येत नाही. ती नसताना उभे राहणे म्हणजे स्वतःशी आणि जनतेशी अप्रामाणिकपणा होईल. कुटुंबाला जो त्याग करावा लागेल आणि आमच्या जीवनात जे बदल होतील तेही या घडीला कठीण आहेत, आणि घरच्यांचे हित माझ्या मनात अग्रभागी आहे, असेही त्यांनी सांगितले.

पत्रकारांनी सौ. अल्मा यांच्या आजाराविषयी विचारले. दुसरा एखादा पुढारी चिडला असता किंवा त्याने विषय टाळला असता. पॉवेल यांनी शांतपणे उत्तर दिले की, होय, माझ्या पत्नीला हा आजार आहे. ते आमच्या घरातले काही गुपित नाही. मला रक्तदाबाचे औषध घ्यावे लागते, तसेच तिला याचे घ्यावे लागते. ज्यांना असा त्रास वाटत असेल त्यांनीही तपासून घ्यावे, उपचार करावेत.

वाचकहो, त्या दिवसाच्या बातमीचा मथळा 'पॉवेल उभे राहणार नाहीत' हा होता. पण मला या उत्तराची थोरवी त्या मथळ्याहून कमी वाटत नाही. आपल्या समाजातही मनाचा आजार म्हटला की लोक कुजबुजतात, लपवितात, मुलींची लग्ने मोडतील म्हणून घाबरतात, आणि बिचारा रुग्ण औषधावाचून झुरत राहतो. जगातील एका प्रख्यात सेनापतीने शेकडो कॅमेऱ्यांसमोर बायकोच्या आजाराला रक्तदाबाच्या रांगेत नेऊन बसविले. त्याने किती घरांतील कुजबुज कमी झाली असेल!

टीका आणि तिचा विचार

निर्णयावर टीका झाली. कोणी म्हणाले, जनरल लढाईला घाबरले. कोणी म्हणाले, इतिहासाने दार उघडले आणि यांनी ते लावून घेतले. कोणी सारा दोष पत्नीच्या माथी मारला.

मी हा प्रसंग दहावीच्या मुलांपुढे वादविवादासाठी ठेवला होता. वर्गाचे सरळ दोन तट पडले. एका मुलाने विचारले, "सर, सैनिक असताना त्यांनी घरच्यांना त्रास दिलाच ना? मग आताच घर कसे आठवले?" प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर एका मुलीने दिले. ती म्हणाली, "तेव्हा त्यांना ते काम मनापासून करायचे होते. आता नव्हते. नको असलेल्या कामासाठी घरच्यांना कशाला ओढायचे?"

त्या मुलीने जे सांगितले तेच या लेखाचे सार आहे. कुटुंबाकडे त्याग मागण्याचा अधिकार प्रत्येकाला आपोआप मिळत नाही. ज्याला त्या कामाची खरी ओढ आहे, ज्याने स्वतःला त्यात पुरते झोकून दिले आहे, त्यालाच तो मागता येतो. पॉवेल यांनी सैनिकी जीवनात घरच्यांकडून फार मोठे कर्ज काढले, पण त्या कर्जाला त्यांच्या निष्ठेचे तारण होते. राजकारणासाठी तसे तारण आपल्यापाशी नाही हे त्यांनी ओळखले. लोकांच्या टाळ्यांवर विसंबून त्यांनी नवे कर्ज काढले नाही. यात भित्रेपणा नाही, हिशेबाचा चोखपणा आहे. 'बायकोने अडविले' असे म्हणणेही खरे नाही. बायकोचे मत त्यांनी विचारले, ऐकले आणि मोजले. निर्णय मात्र स्वतःचा म्हणून जाहीर केला. तो तिच्या पदराआड लपविला नाही.

दोन वेगळी उदाहरणे

तुलनेसाठी त्याच देशातील आणखी दोन माणसांकडे पाहू.

रॉबर्ट केनेडी हे खून झालेल्या राष्ट्राध्यक्षांचे धाकटे बंधू. भावाच्या मृत्यूला पाच वर्षेही झाली नव्हती, तरी मार्च १९६८ मध्ये त्यांनी स्वतःची उमेदवारी जाहीर केली. धोका त्यांना दिसत नव्हता असे नाही. परंतु व्हिएतनामचे युद्ध आणि देशातील गोरगरिबांची स्थिती पाहून स्वस्थ बसणे त्यांना अशक्य झाले. जूनमध्ये कॅलिफोर्नियातील विजयाच्या रात्रीच त्यांना गोळ्या लागल्या आणि ६ जून १९६८ रोजी ते मरण पावले. मागे दहा मुले होती आणि अकरावे अपत्य पत्नीच्या पोटात होते. त्यांचे चुकले असे कोण म्हणेल? आणि त्यांच्या मुलांनी बापाविना वाढताना काय सोसले, हे तरी कोण मोजेल?

दुसरे उदाहरण जो बायडन यांचे. १९७२ साली वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी ते सिनेटवर निवडून आले. पण शपथ घेण्यापूर्वीच, डिसेंबरमध्ये, मोटार अपघातात त्यांची पत्नी व तान्ही मुलगी मरण पावली आणि दोन्ही मुलगे जखमी झाले. सिनेटची जागा सोडावी असे त्यांच्या मनात आले. शेवटी त्यांनी रुग्णालयात मुलांच्या सान्निध्यात शपथ घेतली, आणि वॉशिंग्टनमध्ये बिऱ्हाड न करता मुलांसाठी रोज आगगाडीने विल्मिंग्टनच्या घरी परत जाण्याचा नेम ठेवला. पुढे मे २०१५ मध्ये त्यांचा थोरला मुलगा कर्करोगाने गेला. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला, पत्नीला शेजारी उभे करून, त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाला उभे न राहण्याचा निर्णय सांगितला. शोकातून सावरून निवडणूक लढण्याइतका अवधी आता उरलेला नाही, असे ते म्हणाले. पाच वर्षांनी ते उभे राहिले, निवडून आले आणि २०२१ ते २०२५ या काळात राष्ट्राध्यक्ष झाले.

एकाने 'होय' म्हटले आणि जीव गमावला. एकाने आज 'नाही' म्हटले आणि उद्या 'होय' म्हटले. पॉवेल यांनी 'नाही' म्हटले आणि ते कायमचे ठरले. तिघांचे उत्तर निराळे, कारण तिघांचे घर आणि तिघांचे मन निराळे. गणिताप्रमाणे या प्रश्नाला एकच उत्तर नसते.

नकारानंतर

पद नाकारणाऱ्याची खरी परीक्षा नंतर होते. काही जण पद नाकारतात आणि उरलेले आयुष्य हळहळण्यात किंवा दुसऱ्यांच्या खोड्या काढण्यात घालवितात. पॉवेल यांनी तसे केले नाही. एप्रिल १९९७ मध्ये फिलाडेल्फिया येथे मोठी परिषद भरवून तरुण मुलांच्या कल्याणाची एक चळवळ सुरू झाली. पॉवेल तिचे अध्यक्ष झाले. प्रत्येक मुलाला मायेचे वडीलधारे माणूस, सुरक्षित जागा, निरोगी सुरुवात, उपयोगी शिक्षण आणि समाजसेवेची संधी मिळावी, ही तिची पाच वचने. पुढे सौ. अल्मा यांनीच त्या संस्थेची धुरा अनेक वर्षे वाहिली. ज्या बाईंनी 'घरात ओढून धरले' असे लोक म्हणत होते, त्या लक्षावधी परक्या मुलांच्या कामाला लागल्या होत्या! ज्या सिटी कॉलेजात पॉवेल विनाफी शिकले, तेथे २०१३ साली त्यांच्या नावाचे विद्यालय सुरू झाले.

मात्र पुढची कथा सगळीच उजळ नाही, आणि शिक्षकाने ती लपवू नये. २००१ साली पॉवेल परराष्ट्रमंत्री झाले. हे पद नेमणुकीचे, त्याला निवडणूक लढवावी लागत नाही. ५ फेब्रुवारी २००३ रोजी त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघात, इराकपाशी महाविनाशक शस्त्रे असल्याचे जगाला सांगितले. ती माहिती पुढे खोटी ठरली, आणि दरम्यान इराकवर युद्ध लादले गेले. त्यात असंख्य निरपराध माणसे मेली, ही गोष्ट आपल्या वाचकांना विसरता येण्यासारखी नाही. ते भाषण आपल्या नावावरचा डाग आहे, हे पॉवेल यांनीच २००५ साली कबूल केले. उमेदवारी टाळली म्हणून पदाची जबाबदारी आणि तिचे ओझे टळत नाही, हाही इतिहासाचाच धडा आहे. निवडणुकीपूर्वी मनाला जे प्रश्न विचारले, ते खुर्चीवर बसल्यावरही रोज विचारावे लागतात.

तथापि त्यांच्या उत्तरायुष्यातील एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००८ साली बराक ओबामा उभे होते. ते मुसलमान आहेत अशी कुजबुज त्यांच्या विरोधात मुद्दाम पसरविली जात होती. १९ ऑक्टोबर रोजी पॉवेल यांनी दूरदर्शनवरील मुलाखतीत, स्वतः रिपब्लिकन असूनही, ओबामा यांना पाठिंबा दिला. ते म्हणाले की, ओबामा ख्रिस्ती आहेत हे खरे, पण खरे उत्तर ते नव्हे. असतील मुसलमान, तर त्यात बिघडले काय? या देशातील सात वर्षांच्या मुसलमान मुलाने आपण राष्ट्राध्यक्ष होऊ असे स्वप्न पाहू नये काय? मग त्यांनी एका छायाचित्राची आठवण सांगितली. त्यात एक आई आपल्या मुलाच्या कबरीच्या दगडावर डोके टेकून बसली होती. तो अवघा वीस वर्षांचा मुसलमान सैनिक इराकमध्ये अमेरिकेसाठी लढताना मेला होता, आणि त्या दगडावर चंद्रकोर व तारा कोरलेला होता. पंधरा दिवसांनी ओबामा निवडून आले. १९९५ साली जे पान उलटले नाही ते २००८ साली उलटले, आणि त्याला पॉवेल यांचाही हात लागला.

१८ ऑक्टोबर २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी पॉवेल यांचे निधन झाले. सौ. अल्मा पॉवेल २८ जुलै २०२४ रोजी निवर्तल्या. जवळजवळ साठ वर्षांचा हा संसार होता.

आपल्यासाठी

आपण कोणी राष्ट्राध्यक्ष होणार नाही, मग हा खटाटोप कशाला, असे एखादे पालक म्हणतील. पण पद म्हणजे अमानत आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अमानत स्वीकारण्यापूर्वी माणसाने दोन प्रश्न विचारावेत. पहिला स्वतःला : हे काम मला मनापासून करायचे आहे की केवळ लोक म्हणतात म्हणून? दुसरा घरच्यांना, आणि त्यांचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. पत्नीला आणि वाढत्या मुलांना न विचारता ज्याने समाजसेवा पत्करली, त्याच्या समाजसेवेचे बिल पुष्कळदा तीच माणसे मुकाट्याने भरीत असतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या पंचायतीत, नगरपालिकेत, विधिमंडळात किंवा त्याहूनही वर जाईल. जावेच. समाजाला तुमची गरज आहे, आणि कर्तबगार माणसे घरी बसली तर नालायकांचे फावते हेही तितकेच खरे. मनातून हाक आली तर रॉबर्ट केनेडींसारखे निर्भयपणे पुढे जा. हाक आली नाही तर पॉवेल यांच्याप्रमाणे चारचौघांत स्पष्टपणे 'नाही' म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी उठून आपल्या हातून होणाऱ्या कामाला लागा. मुलींनो, हे तुम्हालाही तितकेच लागू आहे. उद्या उमेदवार तुम्ही असाल, आणि घरच्यांनी तुमचे म्हणणे त्याच अदबीने ऐकून घेतले पाहिजे.